भरल्या गाडीची थरथर

रेघेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. काच कापताना हिरा एकदाच फिरवायचा आणि रेघ अशी ओढायची की पट्टीनं लाजावं, म्हणून कुणीतरी गमतीनं ते नाव ठेवलं आणि चिकटलं ते चिकटलंच. दुकानाच्या पाटीवर नुसतं ‘काच व आरसे’ एवढंच लिहिलेलं. आत एक लांबलचक टेबल, त्यावर घोंगडीसारखं जाड कापड, भिंतीला टेकून उभ्या काचा, आणि खिडकीपाशी फोटोफ्रेमच्या कामाचं छोटं टेबल. ते टेबल काकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. नवऱ्यानं काच कापायची, बायकोनं चौकट ठोकायची आणि काकूंच्या धाकट्या भावानं मोटारसायकलवरून पुढे जाऊन मापं घ्यायची, असा तिघांचा धंदा होता. भावाचं आणखी एक काम होतं, ते म्हणजे सगळ्यांना हसवणं. ते त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

काचा पोचवायला इतकी वर्षं एक जुना टेम्पो होता. त्यात रेडिओ होता, पण रेघेकाकांनी तो कधी लावला नाही. लावला असता तरी ऐकू कुणाला येणार? दारं वाजायची, फळ्या वाजायच्या, सीटखालचा जॅक वाजायचा. शेवटी टेम्पोनं हात टेकले आणि घरात नवी पिकअप आली. पांढरीशुभ्र, दार लावलं की ‘धप्’ असा भारदस्त आवाज करणारी. मागे काचा उभ्या ठेवायला रेघेकाकांनी स्वतः लाकडी घोडी बनवून घेतली, तिला नमद्याचं, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीचं, अस्तर लावलं.

मेहुणा गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, “दाजी, ही तर घरापेक्षा बरी आहे. मी आजपासून हिच्यातच झोपतो.”

“झोप,” काकू म्हणाल्या, “निदान तुझं घोरणं तरी बंद होईल घरातलं.”

पहिली मोठी खेप एका दवाखान्याच्या दर्शनी काचांची होती. शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागल्यावर रेघेकाकांनी वेग थोडा वाढवला. सत्तरच्या पुढे काटा गेला आणि त्यांना स्टिअरिंगवर काहीतरी जाणवलं. धक्का नव्हे, हिसका नव्हे. बारीक, एकसारखी थरथर. दोन्ही तळव्यांत भरून राहिलेली. वेग कमी केला, थांबली. पुन्हा वाढवला, पुन्हा आली.

त्यांनी हातांकडे पाहिलं, आणि त्यांना गाडीची नाही, हातांचीच भीती वाटली.

त्याला कारण होतं. रेघेकाकांचे वडीलही काचेचंच काम करायचे. हात असा की डोळे मिटून काच कापतील. पण साधारण याच वयात त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी फक्त अंगठा आणि शेजारचं बोट, जणू त्यांच्यामध्ये एखादी गोळी वळली जातेय. मग अख्खा हात. मग एक दिवस हिरा टेबलावर ठेवून ते म्हणाले, “घे रे, आता तुझं तू.” तेव्हापासून त्यांनी काचेला हात लावला नाही. चहासुद्धा कपात अर्धाच घ्यायचे, सांडू नये म्हणून. रेघेकाका तेव्हा पोरसवदा होते, पण तो अर्धा कप त्यांच्या डोळ्यांपुढून कधी गेला नाही.

पण त्या दिवशी त्यांनी मनाची समजूत घातली. हात कशाला थरथरेल? गाडी थरथरतेय. नवी असली म्हणून काय झालं? खेप पोचवून ते गाडी घेऊन सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले.

तिथले मॅनेजर तसे भले गृहस्थ. गळ्यात टाय, बोलणं मऊ. त्यांनी चाकांचं बॅलन्सिंग करून दिलं. “काका, नव्या टायरांना असतं असं कधीकधी. आता बघा, लोण्यासारखी चालेल.” गाडी खरंच लोण्यासारखी चालली. घरी येईपर्यंत. दोन दिवसांनी शाळेच्या खिडक्यांच्या काचा भरून रेघेकाका निघाले आणि मोठ्या रस्त्यावर तीच थरथर तळव्यांत येऊन बसली.

पुन्हा सर्व्हिस सेंटर. या वेळी चाकांची अलाइनमेंट झाली. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे झाली. तिसऱ्या वेळी एक टायर बदलून मिळाला. दरवेळी मॅनेजर स्वतः शेजारी बसून फेरी मारायचे आणि दरवेळी गाडी शहाण्या मुलासारखी वागायची. नव्वदपर्यंत नेली तरी ढिम्म. रेघेकाका स्टिअरिंग घट्ट धरून वाट बघायचे, आत्ता येईल, आत्ता येईल. काही यायचं नाही. दुखणं घेऊन डॉक्टरकडे जावं आणि दारातच दुखायचं थांबावं, तशी गत. खोटं पडल्यासारखं वाटायचं.

चौथ्या वेळी मॅनेजर थोडे घुटमळले. मग अगदी आपुलकीनं म्हणाले, “काका, रागावू नका, पण एक विचारू? तब्येत वगैरे ठीक आहे ना? बीपी, शुगर? माझ्या वडिलांच्या हातालाही जरा…”

“ठीक आहे,” रेघेकाका म्हणाले आणि किल्ली उचलून बाहेर पडले.

त्यांच्या मनात जी पाल आतापर्यंत हळूच चुकचुकत होती, ती त्या दिवसापासून ठाण मांडून बसली. ते दुकानात काच कापायच्या आधी हात पसरून बघायला लागले. कुणी बघत नाही ना, याचा कानोसा घेऊन. हात स्थिर दिसायचा. पण जितकं जास्त बघावं तितकं काहीतरी हलतंय असं वाटायचं. एकदा एका आरशाची रेघ शेवटी केसभर सरकली. गिऱ्हाइकाला कळलीही नसती, पण त्यांनी तो आरसा दिला नाही, दुसरा कापला. मोठी मापं ते मेहुण्यावर ढकलू लागले. “तूही शिकायला हवंस,” एवढंच म्हणायचे. मेहुण्याला वाटलं बढती मिळाली.

काकूंना मात्र काहीतरी बिनसलंय हे कळत होतं. चहा देताना नवरा कप हातात घेत नाही, “ठेव तिथे” म्हणतो, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. त्यांनी एकदोनदा खोदून विचारलं. रेघेकाकांनी ताकास तूर लागू दिली नाही. “गाडीचं टेन्शन आहे,” म्हणाले. ते खोटं नव्हतं.

असे बरेच दिवस गेले. मग एका केस कापायच्या सलूनचं मोठं काम आलं. भिंतभर आरसे, आणि प्रत्येक आरशाला काकूंनी बनवलेली चौकट. चौकटी जागेवरच बसवायच्या होत्या, त्यामुळे काकू पहिल्यांदाच पिकअपमध्ये बसून निघाल्या. मेहुणा भिंतीची मापं पुन्हा तपासायला मोटारसायकलवर पुढे गेला होता. काकूंच्या मांडीवर त्यांची हातोडी आणि चुकांची पत्र्याची डबी. काकूंच्या चुका म्हणजे बारीक खिळे. “माझ्या चुका मोजू नका, तुमच्याच जास्त भरतील,” हा त्यांचा ठरलेला विनोद.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. काकू खिडकीबाहेर बघत होत्या, नवी गाडी किती शांत आहे याचं कौतुक करत होत्या. रेघेकाकांचं लक्ष काट्याकडे होतं. काटा सत्तरच्या पुढे सरकला.

डबीतून आवाज यायला लागला. बारीक, एकसारखा. चिर्रर्र.

काकूंनी डबी उचलून पाहिली. आवाज थांबला. पुन्हा मांडीवर ठेवली, पुन्हा सुरू. “अहो, ही डबी का वाजतेय?”

रेघेकाकांनी मान वळवली नाही. “काय म्हणालीस?”

“डबी वाजतेय. आणि नुसती डबी नाही हो, सीटपण. माझ्या बुडाखाली काहीतरी थरथरतंय. तुम्हाला नाही का जाणवत?”

रेघेकाकांनी वेग कमी केला. डबी गप्प झाली. वाढवला, डबी वाजली. मग त्यांनी गिअर काढून गाडी तशीच वाहू दिली. इंजिनचा आवाज खाली उतरला, पण गाडी त्याच वेगात असेपर्यंत डबी वाजतच राहिली. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला, एका झाडाखाली घेतली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

काकू घाबरल्या. “काय झालं? छातीत दुखतंय का?”

“नाही गं.” त्यांनी डोकं वर उचललं. “पुन्हा सांग. तुला जाणवलं?”

“जाणवलं म्हणजे? दात वाजायचे बाकी होते माझे!”

मग त्यांनी सगळं सांगितलं. वडिलांचा हात, अर्धा कप, मॅनेजरचा प्रश्न, केसभर सरकलेली रेघ. काकू ऐकत राहिल्या. शेजारून गाड्या भुर्रकन जात होत्या. सांगून झाल्यावर काकूंनी मांडीवरची डबी उचलून पायाशी ठेवली.

“इतके दिवस एकट्यानं उरावर घेऊन फिरलात हे?” त्या म्हणाल्या. “मी काय फक्त चौकटी ठोकायला आहे का?”

“तुला कशाला घोर, म्हणून…”

“घोर मला लागलाच होता. फक्त कशाचा ते माहीत नव्हतं, म्हणून जास्त लागला होता. चला आता. सलूनवाला वाट बघत असेल.”

आरसे बसवून झाले. संध्याकाळी दोघं त्याच रस्त्यानं परत निघाले. काकूंनी डबी मुद्दाम मांडीवर ठेवली होती. सत्तर. ऐंशी. डबीतून हूं की चूं नाही.

“आता का नाही वाजत?” काकू म्हणाल्या. “रस्ता तोच, गाडी तीच, मीही तीच.”

रेघेकाकांनी आरशातून मागे पाहिलं. मागे रिकामी घोडी होती. क्षणभर त्यांना काही उमगलं नाही, आणि मग असं लख्ख उमगलं की त्यांनी कपाळावर हात मारला. सर्व्हिस सेंटरला जाताना ते दरवेळी गाडी रिकामी करून जायचे! काचा घेऊन कोण जाईल तिथे? इतक्या वेळा तपासली ती रिकामी गाडी. बिघाड होता भरल्या गाडीत.

दुसऱ्या दिवशी तिघांनी मिळून गाडी भरली. चांगल्या काचांची जोखीम कशाला, म्हणून मागच्या अंगणात साठलेल्या फुटक्या काचांची पिंपं चढवली. मेहुणा घामाघूम झाला. “दाजी, लोक दुरुस्तीला गाडी धुऊन नेतात. आपण कचरा भरून नेतोय.”

सर्व्हिस सेंटरच्या फाटकात मॅनेजरनी पिंपं पाहिली आणि हात वर केले. “काका, सामान उतरवून या ना. असं कसं बघणार?”

“हे सामानच दाखवायला आणलंय,” रेघेकाका म्हणाले. “एकदा असंच चालवून बघा. एवढंच मागतो.”

बॅलन्सिंगचं काम करणारी एक तंत्रज्ञ बाई तिथेच उभी होती. निळा कामाचा पोशाख, केस टोपीत कोंबलेले, बोलणं कमी. गेल्या चारही वेळा गाडी तिच्या हाताखालून गेली होती आणि दरवेळी ‘दोष आढळला नाही’ असं लिहिताना ती नाखूश असायची. ती पुढे आली. “सर, मी जाते.” मॅनेजरनी मान हलवली.

तिनं स्वतः गाडी चालवली, रेघेकाका शेजारी. सत्तरला थरथर आली आणि बाईचे डोळे चमकले. एखादं हरवलेलं माणूस गर्दीत दिसावं, तशी ती हसली. “आली!” मग तिनं तेच सगळं केलं जे रेघेकाकांनी केलं होतं, आणि आणखी बरंच काही. गिअर बदलून बघितला, गाडी वाहू दिली, एक तळवा स्टिअरिंगवर आणि दुसरा सीटच्या कडेवर ठेवून बघितला.

“काका, तुम्हाला ही हातात जाणवते?”

“हातातच.”

“सीटवर हात ठेवून बघा बरं.”

त्यांनी ठेवला, मग वाकून दुसरा स्टिअरिंगला लावला. सीट स्टिअरिंगपेक्षा जास्त थरथरत होती.

“पुढच्या चाकांचा दोष असता तर हातात जास्त आली असती,” ती म्हणाली. “ही खालून आणि मागून येतेय. तुम्ही फक्त हाताकडेच बघत राहिलात.”

रेघेकाकांनी स्टिअरिंगवरचा हात काढून घेतला.

परत आल्यावर गाडी पिंपांसकट तपासणीच्या खड्ड्यावर उभी केली आणि बाई बॅटरी घेऊन खाली उतरली. इंजिनाकडून मागच्या चाकांना फिरवणारा जो लांब दांडा असतो, तो लांब गाड्यांत दोन तुकड्यांचा असतो, मध्ये एका बेअरिंगवर टेकलेला. ते बेअरिंग तिला जरा सैल वाटलं. तिनं कसलं, पुन्हा फेरी मारली. थरथर कमी झाली, पण गेली नाही. मॅनेजरना वाटलं झालं काम. “आता एवढं तर चालतंच…” ते म्हणाले, आणि बाईचा चेहरा बघून थांबले.

“एक दिवस द्या मला,” ती रेघेकाकांना म्हणाली. “गाडी इथेच राहू द्या. भरलेलीच.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. आवाजातच आनंद होता. “काका, या. दाखवते.”

तिघंही गेले, काकूसुद्धा. बाईनं त्यांना खड्ड्यात उतरवून बॅटरीचा झोत वर मारला. दांड्याचे दोन तुकडे जिथे जोडले होते तिथे गंज न लागण्याचा काळा रंग जाड फासलेला होता. तिनं तो रॉकेलच्या फडक्यानं पुसून काढला होता आणि त्याखालून दोन पांढऱ्या खुणा बाहेर आल्या होत्या. त्या समोरासमोर असायला हव्या होत्या. एक बाजूला सरकलेली होती, थोडीशीच.

“जोडतानाच दांड्याच्या खाचांमधला एक दात चुकलाय,” ती म्हणाली. “गाडी रिकामी असली की दोन्ही तुकडे जवळजवळ सरळ रेषेत असतात, म्हणून कळत नाही. वजन आलं की मागचा भाग खाली बसतो, दांडा वाकड्यात फिरायला लागतो, आणि मग चूक बोलायला लागते.”

रेघेकाका त्या खुणांकडे बघत राहिले. केसभर सरकलेल्या रेघेची किंमत काय असते हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मॅनेजरही वाकून बघत होते. वर आल्यावर त्यांनी हात जोडले. “चुकलं आमचं, काका. आम्ही रिकामीच गाडी तपासत बसलो. आणि मी तुम्हाला ते जे विचारलं…”

“तुम्ही काळजीनं विचारलंत,” रेघेकाका म्हणाले. “असू दे.”

दांडा सोडवून नीट जोडला. पिंपांसकट पुन्हा फेरी झाली. सत्तर, ऐंशी, नव्वद. काकू शेजारच्या सीटवर चुकांची डबी दोन्ही तळव्यांवर धरून बसल्या होत्या, जणू आत झोपलेलं मांजर आहे. काही वाजलं नाही. तंत्रज्ञ बाईनं डबीकडे बघून विचारलं, “यात काय आहे?”

“आमच्या चुका,” काकू म्हणाल्या, आणि बाई पहिल्यांदाच मोठ्यानं हसली.

घरी परतताना रेघेकाकांच्या जिवात जीव आला होता. पण काकूंचं समाधान झालं नव्हतं. “गाडीची तपासणी झाली. आता तुमची.”

“आता कशाला? गाडीच होती ना?”

“होती. तरी जायचं. त्यांनी भरलेली गाडी तपासायला उशीर केला, आपण नको करायला.”

मेंदूच्या डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, बोटं नाकाला लावायला सांगितलं, कागदावर गोल गोल आत वळत जाणारी रेघ काढायला सांगितली. रेघ बघून डॉक्टर म्हणाले, “तुम्ही काय काम करता?” मग हात मांडीवर मोकळे सोडून शांत बसायला सांगितलं आणि बराच वेळ त्या हातांकडे बघत राहिले.

“वडिलांचा हात कधी थरथरायचा? काम करताना, की नुसतं बसल्यावर?”

रेघेकाकांनी आठवून पाहिलं. “नुसतं बसल्यावर जास्त. वर्तमानपत्र वाचत बसले की.”

“तुमचा बसल्यावर अजिबात हलत नाही. आत्ता तरी मला आजाराचं काही दिसत नाही. पुढचं कुणीच सांगू शकत नाही, मीही नाही. वर्षातून एकदा येत जा. आणि हाताकडे सारखं बघत बसू नका. कुणाचाही हात एवढा वेळ बघितला तर हलतोच.”

बाहेर आल्यावर काकूंनी कोपऱ्यावर चहा घेतला आणि कप त्यांच्या हातात दिला. काठोकाठ. रेघेकाकांनी तो घेतला, आणि थोडा सांडलाही. “गरम आहे गं!” ते ओरडले. काकू हसल्या नाहीत, पण पुढचा सगळा रस्ता त्यांनी नवऱ्याचा हात धरला होता, भर रस्त्यात, जे त्यांनी कित्येक वर्षांत केलं नव्हतं.

त्यानंतर मोठी मापं रेघेकाका पुन्हा स्वतः कापू लागले. मेहुण्याची बढती मात्र काढून घेतली नाही. दोघं आळीपाळीनं कापत. मेहुण्याच्या रेघा अजून जरा बाकदार, हसऱ्या यायच्या, पण येत होत्या.

काही आठवड्यांनी सर्व्हिस सेंटरमधून पुन्हा त्या बाईचा फोन आला. कोंबड्यांचं खाद्य पोचवणारा एक माणूस आला होता, त्याचीही तसलीच पिकअप. केबिनमध्ये गुणगुण येते म्हणतो आणि इथे आणली की येत नाही. “आम्ही आता भरूनच तपासतो,” बाई म्हणाली. “पण त्याचा आमच्यावर विश्वासच उरलेला नाही. दुसरीकडे दाखवून आलाय, तिथे त्याला बरंच ऐकवलंय. तुम्ही येऊन बसता का जरा त्याच्याजवळ?”

रेघेकाका गेले. खाद्यवाला बाकावर खाली मान घालून बसला होता. तिशीतला, आडदांड. रेघेकाका शेजारी बसले. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग तो माणूस आवाज खाली आणून म्हणाला, “खरं सांगू का काका? मला वाटायला लागलंय की माझ्या कानातच काहीतरी बिघडलंय. रात्री उशीवर डोकं टेकलं तरी गुणगुण ऐकू येते. बायकोला बोललो नाही अजून.”

रेघेकाकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“पोती कुठेत तुझी?”

“घरी. उतरवून आलो.”

“मग चल, आधी गाडी भरू,” रेघेकाका उठत म्हणाले. “आणि बायकोला फोन लाव. तिलाही बसव गाडीत.”